त्रेचाळीसच्या वर

६ जानेवारी

जुन्या वहीत अजून वीस पानं कोरी आहेत, तरी आज नवी काढली. स्वतःचे एवढे लाड करायला हरकत नाही. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत राबले, माझ्या कामावर साहेबांची नावं छापून आली, आणि दर वेळी मी त्यांचेच पेढे खाऊन त्यांचं अभिनंदन केलं. आता बेचाळिसाव्या वर्षी, रेवदंड्याच्या पुढे खाडीकाठी, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. म्हणजे मालक हर्षद, पण डोकं माझं.

काम असं. कार्बन डायऑक्साइड हा वाया जाणारा वायू एका द्रवाबरोबर दाबाखाली शिजवायचा आणि त्यातून चपलांच्या तळव्यांना, गाद्यांच्या फोमला चालेल असा चिवट माल काढायचा. हा वायू स्वभावाने आळशी, आपणहून कुणाशी जुळत नाही. त्याला जुळवायला उत्प्रेरक लागतो. नुसतं जस्त वापरून पाहिलं, मालात नऊ टक्के वायू गेला. नुसता कोबाल्ट, चौदा. आता एकाच रेणूत दोन्ही धातू शेजारी बसवलेत. उखळाशी दोघी जणी समोरासमोर उभ्या राहून कांडतात, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, तसे हे दोघे आळीपाळीने काम करतील अशी माझी आशा.

आज या जोडीचा पहिला घाणा काढला. गॅसची नवी लाइनही आजच सुरू केली: चार सिलिंडर एकत्र जोडले आणि नळी जुन्या बर्फाच्या हौदातून रिअ‍ॅक्टरपर्यंत नेली. सिलिंडर वजनकाट्यावर उभे आहेत. दिवसभरात त्यांचं वजन जितकं घटलं तितका वायू मालात गेला, असा सोपा हिशेब. अचूक तपासणी पुण्याच्या प्रयोगशाळेत होते, पण तिथे महिन्याची रांग. नमुना पाठवून दिला.

संध्याकाळी वजन घेतलं. एकतीस टक्के. चौदावरून एकदम एकतीस. मी स्टुलावर बसले ती दहा मिनिटं उठलेच नाही. आमच्या फिटरने, गणराजने, चक्कर आली का म्हणून विचारलं.

९ जानेवारी

छत्तीस टक्के. अजून विश्वास बसत नाही.

मनुबाईंबद्दल लिहायचं राहिलं. त्या काचसामान धुतात, झाडलोट करतात, चहा करतात आणि न विचारता सल्ले देतात. साठीला टेकल्या आहेत, कासोट्याचं लुगडं नेसतात. बर्फाचा कारखाना चालू होता तेव्हा इथेच लाद्या ओढायच्या, त्यामुळे इमारतीवर त्यांचा माझ्यापेक्षा जुना हक्क आहे. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये खायची वस्तू ठेवायची नाही असा मी कडक नियम केला, तर त्यांनी जुनी पद्धत पुन्हा सुरू केली. पूर्वी कारखान्यातले सगळे सकाळी खाडीवर घेतलेली मासळी हौदात ठेवायचे आणि सुटताना घरी न्यायचे. हौद पुरुषभर खोल आहे, उतरायला लोखंडी शिडी. तळाशी आमच्या नळीचा व्हॉल्व्ह आहे, त्याच्याभोवती पांढरा बर्फ धरतो. पिशवी त्याला टेकवून ठेवली की दिवसभर ताजी. गणराजही ठेवतो. आज मीही वाटाभर कोळंबी ठेवली, घरी नेली तेव्हा हाताला गार लागत होती.

गणराजने विचारलं, व्हॉल्व्हवर बर्फ का धरतो. मी सांगितलं, दाबातला वायू सैल झाला की थंड होतो, रेग्युलेटरवर पण धरतोच की. मनुबाईंनी विचारलं, हा वायू कसला. म्हटलं, सोड्याच्या बाटलीतला, तुम्ही पिता तोच. त्या खूष झाल्या. म्हणाल्या, सोड्याच्या चपला करता म्हणजे तुम्ही.

१५ जानेवारी

एक्केचाळीस!

वहीत उद्गारचिन्ह काढायची मला सवय नाही. पण या मालात वायूचं प्रमाण फार तर त्रेचाळीस टक्के होऊ शकतं. वायूचा एक रेणू, द्रवाचा एक, असे ओळीने बसले की वजनाच्या हिशेबाने तेवढंच येतं, त्याच्या वर जागाच नसते. एक्केचाळीस म्हणजे जवळजवळ भरलेली गाडी. आपल्याकडे हे कुणी केल्याचं मी वाचलेलं नाही.

हर्षद अलिबागहून धावत आला. पोरगेलासा आहे, पण माणूस बरा, निदान माझं बोलणं तोडत नाही. पेटंटचा अर्ज करू म्हणाला. मी विचारलं, पहिलं नाव कुणाचं. तो म्हणाला, तुमचंच, अजून कुणाचं असणार. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी चष्मा पुसत बसले.

आबांना माणगावला फोन केला. एकोणऐंशी वय, मास्तरकी सोडून वीस वर्षं झाली तरी अजून प्रत्येक वाक्य तपासून घेतात. "नाव पूर्ण छापतील ना? मैत्री महिपत असं?" हो म्हटलं. 

२० जानेवारी

आज मनुबाईंना रागावले. सोमवारी त्या हौदात दिवा लावतात हे मला माहीतच नव्हतं. जागेवाल्याचा म्हणे, जागा राखणाऱ्या देवाचा. आमचा द्रव भडकन पेट घेणारा, आणि या तिथे काडी ओढतात! गणराजसमोरच बोलले, जरा जास्तच.

त्या ओशाळल्या, पण गप्प बसणाऱ्या नाहीत. "लावून तरी काय, मॅडम. तळाला ठेवला का इझतो. तीन डाव लावला. वारा न्हाय, काय न्हाय. जाग्याला राखण दिली पायजे, कोंबडा न्हाय तर नारळ तरी."

मी म्हटलं, वात दमट असेल. आणि राखणीचं मला सांगू नका. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले, ते मी आता हौदात शोधायचे का? त्यावर त्या म्हणाल्या की खाली उतरलं की डोकं ठणकतं, धाप लागते, हे काही बरं लक्षण नाही. मी त्यांना डोकेदुखीची गोळी दिली आणि रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं. दिवा कायमचा बंद. नियमांच्या यादीत सातवं कलम म्हणून लिहून दारावर लावलं.

२३ जानेवारी

सेहेचाळीस टक्के.

हे शक्य नाही. त्रेचाळीसच्या वर जागाच नाही, हे मीच गेल्या आठवड्यात इथे लिहिलंय. दोनदा बेरीज केली. काटा जुना आहे, भंगारातून घेतलेला, थोडा जास्त दाखवत असणार. अहवालात बेचाळीस लिहिले. अगदीच खोटं नव्हे, काट्याची चूक वजा केली इतकंच. पण लिहिताना मान अवघडली, हेही इथे लिहून ठेवते.

२८ जानेवारी

उद्या मुंबईचे पाहुणे. चपलांचे तळवे करणारी मोठी कंपनी, तिघे येणार, रो-रो बोटीने मांडव्याला उतरून साडेअकरापर्यंत इथे. त्यांच्या डोळ्यांदेखत घाणा लावायचा. म्हणून लाइन आजच दाबाखाली घेऊन ठेवली, सकाळी खोळंबा नको.

हर्षदचा हट्ट की जेवायला जिताडा हवाच, रायगडात येऊन त्यांनी पापलेट खाऊन जाऊ नये. मनुबाईंनी दुपारी चांगला चार किलोचा आणला. एवढं मोठं धूड आज कुठे ठेवायचं? मीच म्हटलं, हौदात ठेवा, आणि वर फळ्या टाकून झाका, थंडी टिकेल. मनुबाईंना झाकण घालणं पटलं नाही, जागा कोंडते म्हणाल्या. मी ऐकलं नाही.

नवी साडी इस्त्री केली.

२९ जानेवारी

लिहवत नाही. मनुबाई अलिबागला इस्पितळात आहेत, शुद्धीवर नाहीत.

३० जानेवारी

क्रमाने लिहिते, नाहीतर मला वेड लागेल.

साडेदहाला स्वयंपाकीण आली आणि मासा मागितला. मनुबाई फळ्या सरकवून हौदात उतरल्या. मी आत काचेच्या पेट्या पुसत होते. काहीतरी पडल्याचा आवाज आला, मोठा नव्हता, गोणी ठेवल्यासारखा. गणराजने हाक मारली, उत्तर आलं नाही. मी बाहेर आले तेव्हा त्याचा एक पाय शिडीवर होता.

खाली मनुबाई कुशीवर पडल्या होत्या, हाताशी मासा. व्हॉल्व्हवरचा बर्फ रात्रीत नारळाएवढा झाला होता. ना वास, ना धूर, ना आवाज. आणि त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. दिवा, डोकेदुखी, बर्फ, सेहेचाळीस. हा वायू हवेपेक्षा जड असतो. खाली बसतो, खड्ड्यात पाण्यासारखा भरतो, त्यात ज्योत राहत नाही आणि माणूसही राहत नाही. हे मला माहीत होतं. जुन्या नोकरीत नव्या कामगारांना सुरक्षेचा पहिला तास मीच घ्यायचे आणि हेच पहिलं वाक्य असायचं.

गणराजची कॉलर धरून मी त्याला मागे ओढला. त्याने मला शिवी दिली. मी ओरडले, "खाली हवा नाही, तूही जाशील." त्याचा चेहरा मला विसरता येणार नाही, त्याला वाटलं असेल, ही बाई माणसाला मरू देतेय. सिलिंडर बंद केले, कॉम्प्रेसरची नळी हौदात सोडून हवा मारली. भिंतीवर बर्फाच्या लाद्या ओढायचा लांब आकडा अजून टांगलेला आहे. तो मनुबाईंच्या कासोट्यात अडकवून आम्ही दोघांनी पालथं पडून त्यांना शिडीशी ओढलं, आकड्यानेच अर्धं उचललं आणि काखांत हात घालून वर घेतलं. ओठ निळे. गणराजने छाती दाबली, मी तोंडाने श्वास दिला. किती वेळ ते माहीत नाही. मग एक घरघर आली.

रिक्षा टेम्पोतून त्यांना नेत असताना समोरून पाहुण्यांची गाडी आली. त्यांना आणायला गेलेल्या हर्षदने काच खाली केली, माझ्याकडे पाहिलं आणि गाडी तशीच मागे वळवायला सांगितली.

संध्याकाळी गणराजने हौद वाऱ्याने धुऊन काढला आणि तो मासा वर काढला. अगदी ताजा होता, डोळे लखलखीत. 

१ फेब्रुवारी

मनुबाईंनी डोळे उघडले. ओळखतात. उजवा हात उचलत नाही, शब्द मध्येच हरवतात. डॉक्टर म्हणतात, हळूहळू सुधारेल, किती ते सांगता येत नाही.

मुलगी प्रणाली पनवेलहून आली आहे, तिथे एका दुकानात कामाला असते. तिने मला बाकावर गाठून शांतपणे विचारलं, आई खाली कशाला गेली होती. मी म्हटलं, मासे ठेवलेले असतात तिथे. ती म्हणाली, कुणाचे. मी म्हटलं, सगळेच ठेवतात.

सगळेच ठेवतात! हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज बाहेर पडलं की माझा मलाच धक्का बसला.

३ फेब्रुवारी

कारखाने तपासणारे सरकारी निरीक्षक येऊन पाहून गेले. लेखी म्हणणं मागितलंय, दोन आठवड्यांत.

ते गेल्यावर गणराज आणि मी लाइन पुन्हा दाबाखाली घेतली, फळ्या काढून, हवेची नळी चालू ठेवून. लांब काठीच्या टोकाला फडकं बांधून गणराजने व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावलं. देठाशी बुडबुड्यांचा मोठा फेस आला. पॅकिंग बसलेलंच नव्हतं, पहिल्या दिवसापासून. मग रिअ‍ॅक्टर रिकामा ठेवून, फक्त लाइन चालू ठेवून, दिवसभर काट्याकडे बघत बसलो. संध्याकाळपर्यंत वजन तीन किलोने घटलं. रिअ‍ॅक्टरमध्ये काहीच नव्हतं आणि हिशेबाने मी सव्वीस सत्तावीस टक्के यश मिळवलं होतं.

गणराज म्हणाला, "म्हंजे मॅडम, जो गॅस प्लास्टिकमधे जातोय असं आपण समजत होतो, तो हौदात जात होता?"

हो. नवा उत्प्रेरक आणि नवी लाइन एकाच दिवशी सुरू केली, आणि जे काही वाढलं ते उत्प्रेरकाचं श्रेय म्हणून लिहून घेतलं. पहिल्या वर्षाच्या मुलाने हे केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. देठ दिवसेंदिवस सैल होत गेला आणि मी दिवसेंदिवस हुशार होत गेले. वहीची मागची पानं वाचली. एकतीस, छत्तीस, एक्केचाळीस, सेहेचाळीस. आनंदाने फुललेली बाई आणि तिच्या शेजारी खड्ड्यात उतरणारी दुसरी बाई.

६ फेब्रुवारी

पुण्याचा अहवाल आला. सतरा टक्के.

लिफाफा फोडायच्या आधीच मला उत्तर माहीत होतं. जस्त नऊ, कोबाल्ट चौदा, दोघे मिळून सतरा. म्हणजे दोन धातू एकत्र खरंच बरे आहेत. तीन टक्क्यांनी.

हर्षदला सगळं सांगितलं. तो डोकं धरून बसला आणि मग म्हणाला, दोन गोष्टींची सरमिसळ करू नका. आकड्यांचं आपण हळूहळू दुरुस्त करू, पुढच्या घाण्यात थोडं कमी आलं म्हणू. अपघाताचं म्हणणं वेगळं द्या. त्याने ते तयारही करून आणलं होतं: मनाई असताना महिला कामगार स्वतःच्या खाजगी कामासाठी हौदात उतरली. मी म्हटलं, मनाई दिव्याला होती, उतरायला नव्हती. तो म्हणाला, "मॅडम, कारखाना बंद पडला तर तेरा जण घरी बसतील. इस्पितळाचं सगळं मी करतोय ना? मनुबाईंना कमी पडू देणार नाही. मी काही राक्षस नाही."

राक्षस नाहीच तो. घाबरलाय. मीही घाबरले आहे, फक्त तो ते माझ्या आधी बोलला.

त्याचा कागद मी पिशवीत ठेवला. फाडला नाही, हे लिहून ठेवते. सही करायचं मनात आलं, एकदा नव्हे, रोज येतं. सही केली तर नाव राहतं, आणि आबांना सांगितलेलं खरं होतं.

१० फेब्रुवारी

माणगावला जाऊन आले. एसटीत दोन्ही वेळा उभी होते, बसायला जागा होती तरी.

आबा ओट्यावर पेपर वाचत होते. पेटंटबद्दल विचारतील म्हणून मी सगळी वाक्यं जुळवून गेले होते. मग काहीच न जुळवता सगळं सांगून टाकलं, आकडे, हौद, मासा, हर्षदचा कागद. त्यांनी पेपरची घडी घातली.

"त्या बाईंच्या घरी कोण आहे?"

मुलगी आहे म्हटलं. नवरा कधीच गेला.

"आणि त्या कुणाच्या सांगण्यावरून उतरल्या?"

"माझ्या."

"मग तू इथं कशाला आलीस, मैत्री? तिकडं जा."

ओरडले नाहीत. शाळेत चुकीच्या वर्गात शिरलेल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. जेवायला थांब असंही म्हणाले नाहीत. मला वाईट वाटलं, आणि परतीच्या एसटीत जरा हलकंही वाटलं.

१४ फेब्रुवारी

आजचा धक्का कसा लिहू.

चार दिवस खपून निरीक्षकांना द्यायचं पत्र लिहिलं, चार पानं. व्हॉल्व्हची रचना, पॅकिंग, गळतीचं मोजमाप, काट्यावरचा चुकीचा हिशेब, पुण्याचा अहवाल, लाइन रात्रभर दाबाखाली ठेवल्याची नोंद, फळ्या टाकून झाकल्याची नोंद, पाहुण्यांच्या जेवणाचा मासा माझ्या सूचनेवरून ठेवल्याची नोंद. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. सेहेचाळीसचे बेचाळीस मी लिहिले हेही घातलं. पेटंटचा अर्ज मागे घ्यावा अशी विनंती खाली. हर्षदला प्रत दाखवली. त्याने वाचली आणि माझ्याकडे न बघता सांगितलं की उशीर झाला, मनुबाईंचा जबाब काल गेला.

मी तशीच इस्पितळात गेले. खरं होतं. ऑफिसचा माणूस हर्षदच्याच मजकुराचा कागद घेऊन आला, वाचून दाखवला, मनुबाईंनी डाव्या हाताचा अंगठा दिला. त्या सही करतात, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकल्या होत्या, पण उजवा हात चालत नाही. प्रणाली औषधं आणायला खाली गेली होती.

का दिलात, म्हणून विचारलं तर त्या हसल्या. तोंड एका बाजूला वाकडं होतं हसताना. शब्द शोधत शोधत म्हणाल्या, "त्यो म्हनला, मॅडमचं नाव जाईल. तुमीच मला वर काढलंत. मी येवढं बी करू नको?"

मी त्यांचा चालत नसलेला हात धरून बसले.  ज्या बाईला मी खाली पाठवलं, ती वर काढल्याचे उपकार फेडत होती.

१७ फेब्रुवारी

सकाळी पत्र घेऊन इस्पितळात गेले. निरीक्षकांच्या कार्यालयात द्यायच्या आधी मनुबाईंना वाचून दाखवायचं ठरवलं होतं. प्रणालीही होती. तिला मी आधी सांगितलं, मासा सगळ्यांचा नव्हता, माझ्या सांगण्यावरून ठेवलेला होता.  तिने खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली.

वाचायला पाऊण तास लागला. जिथे जड शब्द आला तिथे सोपा करून सांगितला. मनुबाई डोळे मिटून ऐकत होत्या, मला वाटलं झोपल्या. पत्र संपलं. मी, खरं सांगायचं तर, शाबासकीची वाट पाहत होते. एवढं सगळं स्वतःविरुद्ध लिहून दिलं, नाव सोडलं, अर्ज सोडला, कदाचित नोकरीही.

त्यांनी डोळे उघडले.

"ह्यो गॅस खाली बसतो, खड्ड्यात भरतो. त्ये तुमाला ठाव व्हतं?"

"होतं."

"कधीपासनं?"

"पहिल्यापासून. शिकवायचे मी ते लोकांना."

"मंग मला का न्हाय सांगितलंत?"

 विसरले म्हणावं, तर मी विसरले नव्हते. गुंतले होते म्हणावं, तर शिडीवर गणराजला मागे ओढायला ते बरोबर आठवलं. शेवटी जे होतं तेच म्हटलं. "तुम्हाला सांगायला हवं, हे माझ्या मनातच आलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी सोडा म्हणाले."

प्रणाली उठून खिडकीशी गेली. मनुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग मला सोसला असता.

"त्ये ह्यात कुठं लिवलंय?" त्यांनी डाव्या हाताने कागदांवर बोट ठेवलं.

मी पानं उलटली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. पॅकिंग होतं, दाब होता, किलो होते, काटा होता. ते नव्हतं. चार दिवस बसून, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक घालून, मी सगळं लिहिलं होतं आणि नेमकं तेवढंच लिहिलं नव्हतं, आणि त्या बाईंनी विचारीपर्यंत ते मला दिसलंही नव्हतं.

"मंग लिवा," मनुबाई म्हणाल्या, आणि कूस बदलली.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून सहीच्या वर, उरलेल्या दोन बोटं जागेत पेनाने लिहिलं: हा वायू खाली साचतो व त्याने माणूस मरतो हे मला पहिल्यापासून माहीत होते. मनुबाईंनी दिवा विझतो, डोके दुखते असे सांगूनही मी त्यांना ते सांगितले नाही.

अक्षर वेडंवाकडं आलं. कार्यालयातल्या कारकुनाने ती ओळ वाचली, वर माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे नंतर घातलंय का. मी हो म्हटलं. मग तिथे वेगळी सही करा, तो म्हणाला. मी केली.